रिकामी बाजू

बारामतीहून इंदापूरचा रस्ता धरला, की सणसरच्या पुढपर्यंत दोन्ही अंगांना ऊसच ऊस. अंथुर्ण्याला डावीकडे वळून कळसच्या दिशेनं निघालं की तो हळूहळू मागे हटतो आणि माळ सुरू होतो. पिवळं गवत, मधूनच एखादं हिवराचं झाड, आणि वर एवढं मोठं आभाळ की पहिल्यांदा येणाऱ्याला आपण घरी काहीतरी विसरून आलोय असं वाटत राहावं.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी दुपारी नीळकंठराव या माळावर गेले, ते मेंढरांचे फोटो काढायला. यात भिण्यासारखं काहीच नव्हतं. निवृत्त माणसं याहून वाईट गोष्टी करतात. काही जण कविता करतात.

नीळकंठरावांनी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक लिहिली होती. शेवटच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. वेळ संपल्यावर माणसाच्या हातात घड्याळ का देतात, हे त्यांना कधी कळलं नाही. मग त्यांनी कॅमेरा घेतला आणि स्टुडिओवाल्या मिहिरच्या रविवारच्या वर्गाला जायला लागले. मिहिर वयानं त्यांच्या निम्मा, पण शिकवायचा असा, की जणू हे काका उद्या परदेशात प्रदर्शन भरवणार आहेत.

"काका, जनावर मधोमध ठेवायचं नाही. मधोमध आधार कार्डाचा फोटो असतो. फ्रेमचे मनात तीन भाग करा. जनावर एका कडेच्या भागात. आणि ते जिकडे बघतंय ती बाजू रिकामी सोडा. नजरेला चालायला जागा लागते."

"रिकामी म्हणजे अगदी रिकामी?"

"अगदी नाही. लांबवर एखादं झाड, टेकडी, ढगाचा तुकडा. हलकंसं वजन. म्हणजे तोल येतो."

तोल. हा शब्द नीळकंठरावांना फार आवडला. कचेरीत तो कधी त्यांच्या टेबलावर आला नव्हता. दोन वर्षांत त्यांनी बगळे काढले, बैल काढले, दुरून चिंकारा हरणं काढली. माणसं मात्र काढली नाहीत.

यावर त्यांच्या पत्नीचं, सरोजिनीबाईंचं, म्हणणं ठरलेलं असायचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आल्यामुळे त्यांना माणूस म्हणजे एक उभी सावली दिसे. कोण ते आवाजावरून ओळखायच्या. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख लागली होती. पुढच्या पंधरवड्यातला मंगळवार.

"मेंढ्यांचे काढता, एकदा आमचाही काढा," सरोजिनीबाई त्या गुरुवारीही म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तिकडे बघेन."

"माणसं फ्रेममध्ये गप्प बसत नाहीत."

"चौतीस वर्षं गप्पच बसलेय की!"

"डोळा होऊ दे. मग काढू."

"तेव्हा मी तुमचा काढीन. बघू तरी, अजून तसेच दिसता का."

नीळकंठराव हसले आणि गाडी काढून निघाले.

माळावर म्हस्कूतात्यांची तीसएक मेंढरं एका हिवराखाली चरत होती. पूर्वी त्यांच्या घरात शेकड्यांनी मेंढरं असत आणि दिवाळीनंतर सगळं कुटुंब त्यांच्यामागे चालायला लागे. आता त्यांची तीन एकर बागायत होती, मुलगा सूरज कंपनीत होता, आणि ही तीसएक उरलेली होती ती म्हाताऱ्याच्या पायांना सवय म्हणून. तात्या लांब तालीच्या बांधावर बसून तंबाखू मळत होते. त्यांचा कुत्रा नेहमीप्रमाणे नीळकंठरावांवर भुंकून झाला.

फ्रेम सुरेख जमत होती. उजवीकडच्या भागात हिवर आणि त्याखाली मेंढरं, डावीकडे उतरतं गवत, पार टोकाला निळसर टेकाड. फक्त एक खोट होती. डावीकडे खाली, जिथे नजर मोकळी चालायला हवी, तिथे एक काळा दगड उभा होता. घोंगडी पांघरून कोणी उकिडवं बसावं, तसा त्याचा आकार. नीळकंठरावांनी चाचणीदाखल एक फोटो काढून पाहिला. त्या दगडानं सगळा तोल डावीकडे ओढला होता.

ते चालत गेले. दगड मोठ्या नारळाएवढाच होता, पण जमिनीत रुतून बसला होता. त्याच्या खोबणीत लालसर काहीतरी चिकटलं होतं. 'माती असावी,' असा शेरा त्यांनी मनातल्या मनात मारला आणि दगड हलवायला सुरुवात केली. दुखरा दात निघावा तसा तो एकदम निघाला. दोन महिने पाऊस नव्हता, तरी खालची माती ओली आणि काळी होती. तिला भिजल्या लोकरीचा वास येत होता.

वाऱ्यानं ट्रायपॉड हलत होता. त्याच्या मधल्या आकड्याला वजन टांगलं की तो स्थिर राहतो, हेही मिहिरनंच शिकवलेलं. नीळकंठरावांनी दगड भाजीच्या कापडी पिशवीत घातला आणि पिशवी आकड्याला अडकवली. फ्रेममधलं नको असलेलं वजन फ्रेमच्या बाहेर कामाला लागलं. एखादी फाईल योग्य टेबलावर सरकवल्याचं समाधान त्यांना झालं.

तेवढ्यात वारा पडला.

गवताची सळसळ थांबली. मेंढरांच्या दातांचा कुरकुर आवाज येत होता, तोही थांबला. आणि एकूण एक मेंढरानं मान वर केली. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, डावीकडे, दगड होता तिथे. तालीवरून तात्यांनी शीळ घातली. एक कान हलला नाही. कुत्रा चार पावलं पुढे आला आणि पोट जमिनीला लावून मागे सरकत गेला.

नीळकंठरावांनी बटण दाबलं. असा क्षण मिळायला नशीब लागतं, असं त्यांना वाटलं.

उजेड उतरल्यावर त्यांनी सामान आवरलं. पिशवी तशीच मागच्या डिकीत गेली.

शुक्रवारी सकाळी सरोजिनीबाईंनी डिकीतून कॅमेऱ्याचा डबा काढताना ती पिशवी चाचपली आणि म्हणाल्या, "हे बरं आणलंत!" त्यांच्या फाटकाची एक फळी आपोआप मागे लोटली जाऊन उघडायची. ती बंद धरून ठेवायला त्यांनी पिशवी आहे तशीच फाटकाशी ठेवली. नीळकंठराव पेपर वाचत होते. त्यांनी नुसतं "हं" म्हटलं.

रविवारी ते पुन्हा अंथुर्ण्याच्या बाजूला गेले. कॅनॉलच्या फाट्याकाठी बगळे होते, पाण्यात आभाळ होतं. फोटो काढताना सगळ्या बगळ्यांनी एकदम माना वळवल्या. मंगळवारी सणसरजवळ ऊसतोडणीच्या गाड्यांचे बैल सोडलेले होते, धुळीत तिरपं ऊन. चौदा बैल, चौदाही एकाच जागी बघत उभे. शुक्रवारी बारामतीत, घरापासून फर्लांगभर अंतरावर, कॅनॉलमध्ये म्हशी डुंबत होत्या. म्हैस हे कशातही रस न घेणारं जनावर म्हणून नीळकंठरावांना आपलंसं वाटे. सात म्हशी पाण्यातून माना ताठ करून काठावरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

शनिवारी मिहिरनं चारही फोटो मोठ्या पडद्यावर लावले.

"काका, एक नंबर! तोल बघा ना… जनावरं इकडे, रिकामी जागा तिकडे…" मग तो थांबला. "तुमच्याबरोबर कोण येतं?"

"कोणी नाही. मी एकटाच असतो."

"मग हे सगळे बघतायत कोणाकडे?"

"असेल काहीतरी. पाखरू, साप…"

"चारही ठिकाणी?" मिहिरनं खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि आवाज नकळत खाली आणला. "काका, ही रिकामी बाजू… रिकामी वाटत नाही हो. वजन आहे तिकडे. मी तिथं काहीच नसलेलं बघतोय, आणि तरी फ्रेम तिकडं झुकतेय."

नीळकंठरावांनी प्रिंट घरी नेले आणि पट्टी घेऊन बसले. सवय जात नाही. प्रत्येक जनावराच्या नजरेतून एक रेघ ओढली. रेघा प्रत्येक वेळी एका बिंदूत मिळत होत्या. गुरुवारी तो बिंदू कळसच्या माळावर होता, बरोबर दगडाच्या जागी. रविवारी अंथुर्ण्याच्या रस्त्याच्या कडेला. मंगळवारी सणसरच्या रस्त्याच्या कडेला. शुक्रवारी त्यांच्या कॉलनीकडे वळणाऱ्या रस्त्यावर.

पट्टी खाली ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, की चारही बिंदू एकाच वाटेवर आहेत. आणि जो कोणी आहे तो चालतोय. सावकाश, मेंढरांच्या चालीनं.

"अहो," बाहेरून सरोजिनीबाईंची हाक आली. "जरा बघा, फाटकाशी कोणीतरी उभं आहे. तुमच्याकडेच आलेले दिसतात."

ते बाहेर आले. संध्याकाळचे सहा वाजत होते. फाटकात कोणी नव्हतं.

"कुठे आहे?"

"ते काय. उंचसे आहेत. डोक्यावर काहीतरी घेतलंय… घोंगडीसारखं." सरोजिनीबाई व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि मिचमिच्या डोळ्यांनी हसून बघत होत्या, जसं पाहुण्याकडे बघतात तसं. "मघापासून उभे आहेत. आत या म्हटलं तर येत नाहीत."

शेजारची दुसरी वेताची खुर्ची नीळकंठरावांची. तिच्यावर रोज दुपारी त्यांची मांजर, टिकली, झोपे. आज ती झोपली नव्हती. ती फाटकाकडे बघत होती. माणसाचा चेहरा जिथे असेल तेवढ्या उंचीवर.

हवेत भिजल्या लोकरीचा वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीळकंठराव फोटो घेऊन थेट म्हस्कूतात्यांच्या वस्तीवर गेले. तात्या आणि त्यांची बायको तानूबाई ओट्यावर बसले होते. तात्यांनी पहिला फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि बायकोकडे दिला.

"हितं दगड हुता," तानूबाई म्हणाल्या. "मागल्याच्या मागल्या गुरवारपसून न्हाय. आमी सारा माळ धुंडाळला."

एकतीस वर्षांत नीळकंठरावांनी कधी चूक कबूल केली नव्हती. तशी पद्धतच नव्हती. पण त्यांनी सगळं सांगितलं. आकडा, पिशवी, वारा.

तात्या त्यांच्याकडे वळले. "म्हंजी भाऊसाहेब… तुमचं तिकाटणं पडू नये म्हनून आमच्या रावजीला टांगला व्हय तुमी?"

"रावजी कोण?"

"माजा थोरला भाऊ. एक कोकरू चुकलं म्हनून सांजचा बघाय गेला. चाळीस वरसं झाली. कोकरू आलं. त्यो आला न्हाय."

"मग तो दगड…"

"ज्याचं काय गावत न्हाय, त्याला बसवावं लागतं," तानूबाईंनी सांगितलं, आणि लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं. "न्हायतर त्यो हुबाच ऱ्हातो. कुणाला दिसत न्हाय, कुणी वळखत न्हाय, कुणी बस म्हनत न्हाय. माज्या सासूनं दगड मांडला, गूळ-पानी ठिवलं आन् म्हनली, बस बाबा रावजी. तवा बसला. मेंढरं त्याच्या आडोशाला निवांत रवंथ करायची. आन् तुमी उठवला त्याला."

"आता तो कुठे आहे?"

"ज्यानं उठवला त्याच्या मागं आला आसंल. गाडी त्याला ठावं न्हाय. चालत आला आसंल."

"फाटकाशी उभा आहे," नीळकंठराव म्हणाले. आपलाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. "माझ्या बायकोला दिसतो."

तानूबाईंनी कपाळाला हात लावला. "आयका. उद्या दिस मावळायच्या आत दगड आना. त्याच जागी मांडा. तुमच्याच हातानं गूळ-पानी द्या आन् बस म्हना. पर तवर तुमच्या दारात त्याला घोटभर पानी देऊ नका. त्यो जिथलं गूळ-पानी घेतो, तितला हुतो. एकदा बसला की बसला. मालकिणीला सांगून ठिवा."

"सांगतो," नीळकंठराव म्हणाले.

सांगितलं नाही. परवा मंगळवार होता, ऑपरेशनचा. रक्तदाब वाढला तर तारीख पुढे जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. एका दिवसाचा तर प्रश्न होता. उद्या दगड जागेवर जाईल आणि प्रकरण दप्तरी दाखल होईल. संबंधितांना न कळवता प्रकरणं मिटवण्यात त्यांचा हात धरणारं कचेरीत कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी सरोजिनीबाई म्हणाल्या, "आजही उभे आहेत बिचारे. पाणी तरी विचारू का?"

"नको."

"का?"

"अनोळखी माणूस. नको म्हटलं ना."

"पाण्याला कधी कोणी ओळख विचारतं का?" त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.

सोमवारी दुपारी त्या जरा पडल्या होत्या, तेव्हा नीळकंठरावांनी फाटकापाशी जाऊन पिशवी उचलली. फळी मागे लोटली गेली आणि फाटक सताड उघडं राहिलं. ते घाईत होते. गाडीत पिशवी ठेवताना त्यांना ओझरतं जाणवलं, की ती आणताना होती त्यापेक्षा कमी जड आहे. सणसरपाशी पुन्हा उचलून पाहिली. आणखी हलकी. कळसच्या माळावर पोहोचेपर्यंत ती एखादा वाळका भोपळा असावा, तशी झाली होती.

तात्या आणि तानूबाई वाट बघत उभे होते. नीळकंठरावांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दगड असलेला तो चाचणीचा फोटो उघडला, जागा ताडून पाहिली, तोंड कुठल्या बाजूला होतं ते पाहिलं आणि दगड तसाच मांडला. गुळाचा खडा ठेवला, तांब्यातलं पाणी वाहिलं.

"बसा, रावजीबुवा," ते म्हणाले. "चुकलं माझं… बसा."

वारा वाहत होता. मेंढरं चरत होती. एकानंही मान वर केली नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं.

तानूबाई दगडाकडे बघत होत्या. खाली ठेवलेला दगड वाऱ्यानं किंचित डुगडुगत होता.

"रिकामा हाय," त्या पुटपुटल्या.

"काय?"

"भाऊसाहेब… घरी जा तुमी. बिगीनं जा."

ते गाडीकडे पळत निघाले. मेंढरांमधून वाट काढताना एका कोकराला त्यांचा पाय लागता लागता राहिला. कोकरू ना बुजलं, ना त्यानं वर पाहिलं. कुत्रा वाटेतच बसला होता. दर वेळी जिवाच्या आकांतानं भुंकणारा तो कुत्रा त्यांच्या पलीकडे बघत जांभई देत राहिला. अंथुर्ण्याला फाट्याच्या कठड्यावर बगळे बसले होते. गाडी हातभर अंतरावरून गेली, एकही उडाला नाही. दोन वर्षं त्यांना हेच हवं होतं, की जनावरांनी आपल्याला बघू नये.

घरी पोहोचले तेव्हा ऊन व्हरांड्यात तिरपं पडलं होतं. फाटक उघडंच होतं.

सरोजिनीबाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, किंचित उजवीकडे वळून. मधल्या स्टुलावर पाण्याचे दोन पेले होते आणि गुळाची वाटी.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "आत्ताच टेकलेत."

"कोण?"

"तुम्ही गेलात नि फाटक उघडं पडलं, तर हे आपले पायरीपर्यंत आले. इतके दिवस उभे, अहो… मलाच लाज वाटली. म्हटलं, गूळ घ्या, पाणी घ्या. बसा. बसले." त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळलेला दिसत होता. "फारसं बोलत नाहीत. पण ऐकतात छान."

नीळकंठरावांच्या खुर्चीत कोणी नव्हतं. खुर्चीचा वेत मात्र मधोमध खाली वाकला होता, वजन पेलताना वाकतो तसा. टिकली खुर्चीखाली अंग चोरून, डोळे मिटून झोपली होती. फरशीवर फाटकापासून व्हरांड्यापर्यंत माळावरची कुसळं सांडली होती.

"सरू, ऊठ तिथून. आत चल," ते म्हणाले.

सरोजिनीबाईंनी ऐकलं की नाही, कळलं नाही. "कॅमेरा आहे ना जवळ? मग आज काढाच आमचा फोटो."

आमचा.

काय करावं हे न सुचून नीळकंठरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला. काचेतून बघितलं की गोष्टी लहान होतात, असा त्यांचा अनुभव होता. डावीकडच्या भागात सरोजिनीबाई. त्यांची नजर उजवीकडे. नजरेपुढे रिकामी खुर्ची, तिच्यावर उन्हाचा पट्टा. त्यांनी कॅमेरा थोडा इकडे सरकवून पाहिला, थोडा तिकडे. काही करायची गरज नव्हती. दोन वर्षांत कधी जमला नव्हता असा तोल आला होता.

बटण दाबल्यावर त्यांनी पायरी चढायला पाय उचलला. चढून कुठे बसायचं, हे त्यांना आठवेना.

त्या रात्री ते टेकले नाहीत. झोप येत नव्हती असं नाही, नुसतं टेकावंसं वाटलं नाही. मंगळवारी दवाखान्याच्या बाकावर जागा असूनही ते भिंतीशी उभे राहिले. खिडकीवरच्या मुलीनं फॉर्म भरताना विचारलं, "आजी, सोबत कोण आहे?"

"हे आहेत ना," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि आपल्या दुसऱ्या बाजूला, बाकाच्या मोकळ्या भागाकडे, हात केला. मुलीनं तिकडे बघून मान डोलावली आणि लिहून घेतलं.

"मी… मी आहे सोबत," नीळकंठराव म्हणाले. मुलगी पुढचा फॉर्म घेत होती.

ऑपरेशन उत्तम झालं. बुधवारी पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, आता लांबचंसुद्धा स्वच्छ दिसेल. रिक्षानं त्या घरी आल्या. त्यांच्या शेजारची जागा भरलेली वाटली, म्हणून नीळकंठराव मागून चालत आले. फर्लांगभराची वाट, पण ती चालायला त्यांना संध्याकाळ झाली.

फाटकाशी ते थांबले. व्हरांड्यात सरोजिनीबाई काळा चष्मा काढून आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी बाग बघितली, कठड्यावरच्या कुंड्या बघितल्या, टिकलीच्या पाठीवरचा पांढरा ठिपका बघितला आणि हसल्या. मग शेजारच्या खुर्चीकडे वळून त्यांनी डोळे भरून पाहिलं, कितीतरी वेळ.

"तसेच दिसता अजून," त्या म्हणाल्या.

नीळकंठरावांनी फाटकाचा गज धरला. "सरू…"

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. नव्या डोळ्यानं, थेट, स्वच्छ. अनोळखी माणसाकडे बघावं तशी त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी आली.

"अहो," त्या खुर्चीकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "फाटकाशी कोणीतरी उभं आहे. गळ्यात कॅमेरा आहे. ओळखता का तुम्ही यांना?"

वेताची खुर्ची करकरली.

सरोजिनीबाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बरं," त्या म्हणाल्या.

गुळाची वाटी स्टुलावर तशीच होती. त्यांनी ती उचलली नाही. बसा म्हटलं नाही.